राजाच्या नावाची पोथी : देवगिरीचा 'चतुर्वर्गचिंतामणि'

मराठवाड्यात कोठेही काळ्या दगडाचे जुने देऊळ दिसले की वडीलधारी माणसे सांगतात, "हे हेमाडपंती आहे." एवढे सांगितले की बोलणे संपते. हेमाडपंत कोण, तो कोणत्या राजाच्या पदरी होता, त्याने देवळे बांधली की आणखी काही केले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या शुभप्रसंगी ही चौकशी करणे उचित ठरेल. कारण या पुरुषाचे खरे मोठे काम दगडाचे नसून पोथीचे आहे. ती पोथी आपल्या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या देवगिरीच्या राजधानीत तयार झाली आणि तिच्या आरंभी एका राजाची कीर्ती गायिलेली आहे.

राजधानी आणि राजा

जालन्याहून देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली. पुढे सिंघणाच्या काळात राज्य फार वाढले. सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण गादीवर आला आणि कृष्णानंतर त्याचा धाकटा भाऊ महादेव. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ ते १२७१ अशी दहा वर्षांची मानतात. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला, परंतु येथील जमीन, नद्या आणि गावे त्या वेळी यादवांच्याच राज्यात मोडत होती.

या महादेवाच्या दरबारी हेमाद्रि पंडित नावाचा अधिकारी होता. लोकांनी त्याचेच हेमाडपंत केले. त्याच्या पित्याचे नाव कामदेव, आजोबांचे वासुदेव व पणजोबांचे वामन. गोत्र वत्स. त्याचा हुद्दा 'श्रीकरणाधिप' असा होता. करण म्हणजे दप्तर. राज्यातील सर्व लेखन, हिशेब, सनदा व ताम्रपट यांचा कारभार ज्याच्या हाताखाली चाले तो श्रीकरणाधिप. आजच्या भाषेत सांगायचे तर साऱ्या राज्याच्या दप्तराचा तो मुख्य होता. महादेवानंतर रामचंद्रदेव राजा झाला, तेव्हाही हेमाद्रीचे स्थान कायम राहिले. इ. स. १२७२ च्या ठाणे येथील ताम्रपटात त्याचा मंत्री म्हणून उल्लेख आहे.

मोडी लिपी त्याने प्रचारात आणली, बाजरीचे पीक त्याने या भागात आणले, अशा अनेक गोष्टी त्याच्या नावावर सांगतात. त्या परंपरेने चालत आल्या आहेत आणि त्यांना त्या काळचा लेखी पुरावा मिळत नाही. पण त्याच्या ग्रंथांचा पुरावा पक्का आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदय' या वैद्यक ग्रंथावर त्याने 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. बोपदेव नावाचा मोठा पंडित त्याच्या आश्रयास होता. भागवतातील भक्तीविषयीचे श्लोक निवडून बोपदेवाने 'मुक्ताफल' रचले आणि त्यावर हेमाद्रीने 'कैवल्यदीपिका' ही टीका लिहिली. बोपदेवाची 'हरिलीला' तर हेमाद्रीसाठीच रचलेली आहे. म्हणजे पंडिताने मंत्र्यासाठी ग्रंथ लिहावा आणि मंत्र्याने आपला ग्रंथ राजाच्या कीर्तीस वाहावा, अशी ही साखळी होती.

ग्रंथात काय आहे

हेमाद्रीच्या मुख्य ग्रंथाचे नाव 'चतुर्वर्गचिंतामणि'. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ म्हणजे चतुर्वर्ग. चिंतामणि म्हणजे मनातील इच्छा पुरविणारे रत्न. ग्रंथाचे मूळ पाच खंड ठरविलेले होते : व्रतखंड, दानखंड, तीर्थखंड, मोक्षखंड आणि परिशेषखंड. यांपैकी व्रत, दान आणि परिशेष यांचे मोठमोठे भाग आज छापलेले आहेत. तीर्थखंड आणि मोक्षखंड मात्र हाती आलेले नाहीत.

या ग्रंथात हेमाद्रीने स्वतःचे नवे मत फारसे मांडलेले नाही. पुराणे, स्मृती आणि आगम यांत विखुरलेली वचने त्याने विषयवार एकत्र केली. अमुक तिथीस कोणते व्रत, त्याचा विधी कोणता, उद्यापन कसे करावे, कोणते दान कोणास व केव्हा द्यावे, श्राद्धाचा काळ कोणता, प्रायश्चित्त कोणते, हे सर्व त्याने क्रमाने लावून दिले. निरनिराळ्या पोथ्यांतील कागद काढून एकाच फाइलीत नीट क्रमांक घालून लावावेत, तसे हे काम आहे. दप्तराचा माणूस असल्यामुळेच हे त्याला साधले असावे. मूळ पोथ्यांपैकी काही पुढे नाहीशा झाल्या, पण त्यांतील वचने हेमाद्रीच्या ग्रंथात राहिली. त्यामुळे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना आजही या ग्रंथाकडे जावे लागते. धार्मिक विधीच्या आरंभी देशकालाचा लांबलचक उच्चार करणारा जो 'हेमाद्रि संकल्प' म्हणतात, त्यातही त्याचेच नाव टिकून आहे.

राजाची स्तुती आणि खरा इतिहास

व्रतखंडाच्या आरंभी यादव घराण्याची प्रशस्ती आहे. दृढप्रहार, सेऊणचंद्र अशा जुन्या पुरुषांपासून महादेवापर्यंतची वंशावळ तीत दिलेली आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी इ. स. १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा यादवांच्या वंशावळीसाठी या प्रशस्तीचा मोठा उपयोग झाला व त्यांनी ती पुस्तकाच्या शेवटी छापली. व्रतांचा ग्रंथ लिहिणाऱ्या मंत्र्याने आपल्या धन्याचे गुण गायिले म्हणून सहाशे वर्षांनी इतिहासकारांना एका राजघराण्याची साखळी जुळविता आली.

तथापि स्तुती ही स्तुती म्हणूनच वाचली पाहिजे. प्रशस्तीत असे म्हटले आहे की, महादेव स्त्रियांवर, बालकांवर आणि शरण आलेल्यांवर शस्त्र उचलीत नसे, म्हणून आंध्रांनी गादीवर एक स्त्री बसविली आणि माळव्याच्या लोकांनी एक बालक. ही स्त्री म्हणजे वरंगळची काकतीय राणी रुद्रमादेवी. काकतीयांच्या बाजूची परंपरा याच्या अगदी उलट सांगते. तिच्या मते रुद्रमादेवीने यादवांचे सैन्य हटवून त्यांचा पाठलाग केला. लेखणी ज्याच्या पदरी असते, त्याच्या बाजूने ती लिहिते. ग्रंथ खोटा असा याचा अर्थ नाही. व्रते आणि दाने लिहिताना हेमाद्रि वचनांना धरून चालला, राजाविषयी लिहिताना तो सेवकाच्या भूमिकेत होता, एवढेच समजावे.

महादेवाचे पुढे काय झाले हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तो वारल्यावर त्याचा पुत्र आमणदेव गादीवर आला. पण कृष्णाचा पुत्र रामचंद्र याने थोड्याच काळात त्याला दूर करून राज्य घेतले. त्याची माणसे नाचगाण्याच्या मेळ्याचा वेष घेऊन गडात शिरली, असे बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे सापडलेल्या इ. स. १३१० च्या ताम्रपटावरून समजते. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. इ. स. १३१८ च्या सुमारास यादवांचे राज्य समूळ संपले. महादेवाची गादी त्याच्या मुलाकडे टिकली नाही आणि पन्नास वर्षांत घराणेही गेले. त्याची कीर्ती मात्र त्याच्या मंत्र्याच्या पोथीत राहिली.

पोथी बांधणे हेही दान

दानखंडात विद्यादानाचा भाग आहे. आजच्या प्रसंगी तो विशेष वाचण्यासारखा आहे. देवीपुराण, नंदिपुराण इत्यादींच्या आधारे तेथे पोथी कशी लिहावी, कशी बांधावी आणि कशी अर्पण करावी हे सांगितले आहे. त्या काळी पुस्तक म्हणजे ताडपत्रांचा संच. पाने सारख्या मापाची असावीत. अक्षर सुबक व समान असावे. दोन्ही बाजूंना रंगीत नक्षीची आवरणे असावीत. लाल किंवा काळ्या मऊ कातड्याचे वेष्टन घालून संच मजबूत दोऱ्याने बांधावा. लिहिताना पोथी आसनावर ठेवावी, तिची पूजा करावी. लिहून झाल्यावर मूळ प्रतीशी ताडून पाहावी. नंतर ती वाजतगाजत देवळात न्यावी आणि तेथे लोकांसमोर तिचे वाचन व्हावे.

यातील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पोथी बांधून कपाटात ठेवली म्हणजे दान पुरे झाले, असे शास्त्र म्हणत नाही. ती देवळात गेली पाहिजे, वाचली गेली पाहिजे, वाचणाऱ्याच्या पोटापाण्याची सोय झाली पाहिजे. लेखणी, शाई आणि पत्रे देणे हेही विद्यादानातच येते. म्हणजे राजाने हत्तीवरून पोथी मिरविली तरी आणि एखाद्या साध्या माणसाने शाईपुरते पैसे दिले तरी दोघांनाही त्या दानात जागा होती.

पुढे कागद आला. ताडपत्राऐवजी लांबट कागदाची सुटी पाने, वर-खाली लाकडी फळ्या आणि बाहेरून लाल कापडाचा रुमाल, अशी पोथी आपल्याकडे रूढ झाली. आजोबा-पणजोबांच्या काळातील असे रुमाल अजून कित्येक घरांच्या माळ्यावर आणि देवघरात आहेत. फरक पडला तो बांधणीत. पोथी झाकून, बांधून, सांभाळून ठेवण्याची आस्था तीच राहिली.

त्याच काळातील दुसरा प्रवाह

'चतुर्वर्गचिंतामणि' संस्कृतात आहे. तो पंडितांसाठी आणि दरबारासाठी होता. शेतात नांगर धरणाऱ्याला तो वाचता येणे शक्य नव्हते. याच काळात याच गोदावरीच्या काठी दुसरा प्रवाह चालला होता. श्रीचक्रधरस्वामी मराठीत बोलत होते आणि म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. केशिराजबासांनी संस्कृतात लिहिण्याची इच्छा दाखविली तेव्हा, त्यामुळे साधी माणसे व म्हाताऱ्या बाया धर्माला मुकतील, अशा आशयाचे बोल नागदेवाचार्यांनी सुनावल्याची कथा प्रसिद्ध आहे. महानुभाव परंपरेत हेमाद्रीविषयीच्या आठवणी कटू आहेत. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभावांचे मोठे स्थान असल्यामुळे जालना जिल्ह्यातील लोकांना ही बाजूही ठाऊक असणे योग्य आहे.

इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या अखेरीस रामचंद्रदेवाचा आदराने उल्लेख येतो. पण ती राजाच्या आज्ञेने लिहिलेली नाही. ती गुरूंच्या, म्हणजे श्रीनिवृत्तिनाथांच्या कृपेने आणि श्रोत्यांसाठी झाली. हेमाद्रीचा ग्रंथ दरबारातून पंडितांकडे गेला आणि ज्ञानेश्वरी ओवीतून घराघरांत गेली. व्रतवैकल्यांचा एवढा पसारा मांडून हेमाद्रीने समाजाला कर्मकांडात गुंतविले, अशी टीका काही इतिहासकारांनी केली आहे. ती पूर्णपणे मान्य करावी असे नाही. व्रते त्याने निर्माण केली नाहीत, चालत आलेली त्याने नोंदविली. परंतु लोकांच्या भाषेत न आलेला ग्रंथ लोकांच्या तोंडी राहत नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच हेमाडपंताचे नाव गावोगाव आहे आणि त्याच्या ग्रंथाचे नाव क्वचितच कोणाला ठाऊक आहे.

ग्रंथ वाचला तो कशामुळे

यादवांचे राज्य गेले, राजवाडे पडले, देवगिरीच्या दरबाराचे दप्तर नाहीसे झाले. तरी हा ग्रंथ वाचला, कारण निरनिराळ्या प्रांतांतील शास्त्रीपंडितांनी त्याच्या नकला केल्या. इ. स. १८७३ पासून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने तो छापण्यास आरंभ केला. दानखंड प्रथम निघाला, नंतर व्रतखंड आणि पुढे परिशेषखंडाचे भाग. देवगिरीला लिहिलेली पोथी बंगालमध्ये छापली गेली, ती गावोगावच्या नकला जतन झाल्यामुळेच. तीर्थखंड व मोक्षखंडांचे भाग्य तसे नव्हते.

जतनाचे दुसरे उदाहरण जालना जिल्ह्याशी निगडित आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांत विखुरलेल्या होत्या. शंकर श्रीकृष्ण देव यांनी त्या शोधून गोळा करण्यात आयुष्य वेचले. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्या आज आहेत. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रतही तेथेच आहे. देवांनी हा शोध घेतला नसता तर त्यांतील बऱ्याच पोथ्या वाळवीच्या आणि नदीच्या स्वाधीन झाल्या असत्या.

दगडावरची नावे

आता देवळाकडे वळू. 'हेमाडपंती' म्हणून ओळखली जाणारी सर्व देवळे हेमाद्रीने बांधली, हा समज बरोबर नाही. अंबरनाथचे शिवमंदिर इ. स. १०६० चे आहे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे. चुना न वापरता दगडात खाचा व कुसू घडवून एकावर एक बसविण्याची ही पद्धत त्याच्या आधीपासून चालत होती. भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील कोरीव देऊळ याच परंपरेतील आहे. लोकांनी एका ओळखीच्या नावाखाली सर्व जुनी देवळे जमा केली, यात लोकांच्या प्रेमाचा भाग आहे. पण यामुळे ज्या अनामिक पाथरवटांनी ते दगड घडविले त्यांचे श्रेय झाकले जाते, हेही विसरू नये.

हेमाद्रीचे नाव मात्र एका देवळाच्या दगडावर खरोखरच आहे. पंढरपूरला श्रीविठ्ठल मंदिरात 'चौऱ्यांशीचा शिलालेख' म्हणून प्रसिद्ध असलेला लेख आहे. त्यावर शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील देणग्या कोरल्या आहेत. त्यात राजा रामचंद्रदेवाचे नाव आहे, हेमाद्रि पंडिताचे नाव आहे आणि त्यांच्याबरोबरच लहानमोठ्या रकमा देणाऱ्या साध्या भक्तांची नावेही आहेत. ज्याने दानाचे एवढे शास्त्र लिहिले, तो स्वतः विठ्ठलाच्या दारी इतर देणगीदारांच्या यादीत एक नाव होऊन उभा राहिला. व्रतखंडात राजा एकटा उच्चासनावर आहे, पंढरीच्या दगडावर तो सर्वांच्या पंगतीत आहे.

ही रीत आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन. तेथील लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या स्तूपासाठी दान दिले आणि त्यांच्या गावाचे नाव तेथील दगडावर कोरले गेले. त्या दात्यांपैकी कोणी राजा नव्हता. तरी त्यांची नावे आज वाचता येतात.

जीर्णोद्धार करताना

या साऱ्या हकिगतीतून जीर्णोद्धाराच्या कामी दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. जुना कोरीव दगड, खांब, वीरगळ किंवा अक्षरे असलेली शिळा निघाली तर ती पायात पुरू नये, तिच्यावर ऑइल पेंट चढवू नये. जागेवर सुरक्षित ठेवावी आणि जाणकारास दाखवावी. एखाद्या ओबडधोबड दिसणाऱ्या दगडावर आपल्याच पूर्वजांचे नाव असू शकते.

तीच गोष्ट पोथ्यांची. घर पाडताना माळ्यावरचा रुमाल सापडला, अक्षर लागले नाही, की तो गोदावरीत सोडण्याची चाल आहे. सोडणाऱ्याची भावना शुद्ध असते, पण त्याबरोबर काय गेले हे कोणालाच कळत नाही. असा रुमाल आधी मोडी किंवा संस्कृत जाणणाऱ्यास दाखवावा. घरी सांभाळणे होत नसेल तर विद्यापीठ किंवा एखाद्या संशोधन मंडळाकडे द्यावा आणि पोच घ्यावी. देवळाच्या नव्या बांधकामात एक कोरडे, वाळवी न लागणारे कपाट पोथ्यांसाठी ठेवले, आणि वर्षातून एकदा त्या उन्हात न घालता सावलीत उघडून झटकल्या, तरी हेमाद्रीने सांगितलेले विद्यादान घडेल.

देणगीदारांची यादीही नीट ठेवावी. पाटीवर नाव, पुस्तकात नोंद, नोंदीखाली तारीख. ज्याने पाच हजार दिले त्याचे आणि ज्या माउलीने आपल्या मजुरीतून अकरा रुपये दिले तिचेही. शिवाय ज्यांनी पैसे न देता दगड वाहिले, पाणी भरले, बैलगाडी दिली, त्यांची नोंद राहून जाऊ नये. महादेवराजाला आपली कीर्ती राखण्यासाठी एक हेमाद्रि लाभला. गावाच्या देवळासाठी राबलेल्या शेकडो हातांना असा कोणी मंत्री नसतो. त्यांची पोथी गावानेच लिहायची, गावानेच बांधायची आणि गावानेच सांभाळायची असते.

श्रींच्या कृपेने जीर्णोद्धाराचे कार्य निर्विघ्नपणे तडीस जावो, आणि आज कोरलेली नावे पुढील पिढ्यांना स्वच्छ वाचता येवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.